गॅस भरला म्हणाला, आणि मशीन चालूही झालं

अख्ख्या घराची हवा कोरडी ठेवणारा डिह्युमिडिफायर कोल्हापुरात फार घरांत नाही. त्यामुळे तो खरोखर समजणारे मिस्त्रीही मोजकेच, आणि या अडचणीवरच काही जण पैसे काढतायत. आमच्या ताराबाई पार्कातल्या घरी असं मशीन माळ्यावर बसवलंय, डक्टनं सगळ्या खोल्यांत हवा जाते. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना आणि वडिलांच्या फोटो अल्बमना बुरशी धरायची, म्हणून हा खर्च केला होता.

मागच्या पावसाळ्यात मशीनच्या निचऱ्याच्या नळीतून हवेतलं ओढलेलं पाणी पडायचं बंद झालं. आत बघितलं तर कॉइलवर, म्हणजे हवेतला ओलावा जिथं गार होऊन पाणी होतो त्या नळ्यांवर, बर्फ. कंपनीची इथं शाखा नाही, म्हणून नेटवर 'अधिकृत सर्व्हिस' असं लिहिलेल्या नंबरवर फोन लावला. तासाभरात माणूस दारात.

"गॅस उडालाय बघा साहेब. भरून देतो, एक नंबर चालतंय." त्यानं मशीन बंद करायला लावलं. सिस्टीम गार व्हायला वेळ लागतोय म्हणून दुपारचं जेवून आला, मग मला खाली एमसीबीजवळ उभं केलं आणि स्वतः माळ्यावर चढला. थोड्या वेळानं वरून हाक आली, "सोडा करंट!" नळीतून पाणी ठिबकायला लागलं. 4,800 रुपये ऑनलाइन घेतले. बिल मागितलं तर म्हणाला, "व्हॉट्सअॅपवर टाकतो की."

खरी मेख त्या दुपारच्या जेवणात होती. बर्फ धरलेलं मशीन काही तास बंद ठेवलं की बर्फ आपोआप वितळतो, आणि पुन्हा चालू केलं की ते काही काळ पाणी काढतंच. त्यासाठी गॅस लागत नाही, मिस्त्रीही लागत नाही. पण नळीतून पाणी पडताना डोळ्यांनी दिसल्यावर कोण शंका घेणार?

आठवडा उलटायच्या आत परत बर्फ. या वेळी तो म्हणाला, मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेलाय, त्यामुळंच कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतोय, बोर्ड पुण्याला पाठवावा लागणार. 7,000 अॅडव्हान्स घेतला, बोर्ड काढून पिशवीत घातला आणि गेला. फोन आधी वाजायचा, नंतर बंदच लागायला लागला.

शेवटी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींना घरी आणलं. त्यांचं काम मुख्यतः कोल्ड स्टोरेजचं. त्यांनी पहिल्यांदा फिल्टर ओढून बाहेर काढला. शेजारी बांधकाम सुरू होतं, ती सगळी धूळ ओलाव्यानं चिकटून फिल्टरची गोधडी झाली होती. हवाच आत जात नसेल तर कॉइलला उष्णता मिळत नाही, कॉइल शून्याखाली जाते आणि त्यावर जमलेलं पाणी गोठतं. मग त्यांनी कॉम्प्रेसरजवळची तांब्याची बारीक नळी दाखवली. आमच्या मशीनला गॅस भरायचा व्हॉल्व्हच नाही. कारखान्यात गॅस भरून ती नळी चेपून, डाग देऊन बंद केलेली असते. तो डाग जसाच्या तसा होता. "ही नळी कापल्याशिवाय किंवा टोचल्याशिवाय गॅस जातोय कुठनं?" त्यांनी पंखा आणि कॉम्प्रेसर बाहेरून थेट करंट देऊन चालवून बघितले. दोन्ही ठणठणीत.

गॅस हा काही पेट्रोल नव्हे, वापरून संपत नाही. कमी झाला तर कुठंतरी गळतीच असते. ती शोधून, झाळून, व्हॅक्यूम पंपानं आतली हवा काढून मग मशीनच्या पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमांइतकाच गॅस काट्यावर मोजून भरतात. ज्याच्याकडं ना पंप ना काटा, त्यानं काय भरलं ते त्यालाच माहीत! गॅस कमी असला तरी बर्फ धरतो हे खरं, पण तो बहुधा कॉइलच्या एका भागातच. सगळ्या कॉइलवर बर्फ असला तर आधी फिल्टर आणि पंखा तपासा. खोली फार गार असली, साधारण 18 अंशांखाली, तरी असं होतं, पण कोल्हापूरचा जुलै तेवढा गार नसतो.

बाकीच्या तक्रारींतही असेच पैसे उकळतात. मशीन चालूच होत नसेल तर आर्द्रतेची सेटिंग बघा. घरात 60 टक्के असताना सेटिंग 65 वर असेल, तर ते चालू होणारच नाही. पाण्याच्या ट्रेमधला फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा तुकडा, अडकला तरी मशीन बंद पडतं. खाली पाणी सांडत असेल तर निचऱ्याच्या नळीत शेवाळ किंवा गाळ साठलेला असतो, ती साफ केली की झालं. कॉम्प्रेसर नुसता घूं घूं करून थांबत असेल तर बऱ्याचदा तो सुरू करून देणारा कपॅसिटर गेलेला असतो. तो काही शे रुपयांत येतो, पण बोर्डाच्या भावानं विकणारे आहेत. मात्र कपॅसिटरला स्वतः हात लावू नका, वीज बंद केल्यावरही त्यात करंट साठून राहतो.

सर्व्हिसचा नंबर घ्यायचा तो मशीनवरच्या पाटीवरून किंवा खरेदीच्या बिलावरून. भाग काढून न्यायचा असेल तर सिरियल नंबर टाकलेली सहीची पावती आधी, फोटोही काढून ठेवा. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर, आणि सायबर तक्रारीसाठीच्या 1930 वर दोन्हीकडं नोंद केलीय. बोर्ड अजून मिळालेला नाही, नवा मागवावा लागला. त्या माणसाचा नंबर परवा पुन्हा नेटवर दिसला, या वेळी गीझर दुरुस्तीच्या 'अधिकृत' जाहिरातीत.