आरएक्स १००चा ‘कंपनी ब्लॉक’ : झालेली फसवणूक आणि ती ओळखण्याच्या खुणा

यामाहा आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक मोटरसायकल भारतात १९८५च्या अखेरीस आली आणि १९९६ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सर्वांत नवी आरएक्ससुद्धा तीस वर्षांच्या घरात आहे. क्लच प्लेटा, केबल, ब्रेक शू यांसाठी फारशी वणवण करावी लागत नाही. गावात मिळाले नाही तर पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत काही ना काही हाती लागते. खरी अडचण ब्लॉक (म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर), पिस्टन आणि क्रँकची (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याची) आहे. याच अडचणीवर काही लोकांनी धंदा उभा केला आहे. ‘बंद पडलेल्या डीलरच्या गोदामातला सीलबंद कंपनी माल’ असे सांगून ते जे विकतात, ते काय असते हे मी पैसे मोजून आणि एकदा जीव धोक्यात घालून पाहिले आहे. जुन्या गाडीवर जीव असणाऱ्या इतरांवर ही वेळ येऊ नये, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी वडिलांची, १९९४ची. आरएक्सचा मूळ बोअर, म्हणजे ब्लॉकच्या आतल्या पोकळीचा व्यास, ५० मिलिमीटरचा. झीज झाली की पाव-पाव मिलिमीटरने बोअर वाढवायचा आणि त्या मापाचा पिस्टन घालायचा, असे साधारण एक मिलिमीटरपर्यंत करता येते. आमचा ब्लॉक शेवटच्या साइजला पोहोचला होता. मिस्त्रींनी दोन मार्ग सांगितले : याच ब्लॉकला नवी स्लीव्ह (आतली लोखंडी नळी) मारून घ्यायची किंवा स्टँडर्ड, म्हणजे मूळ साइजचा ब्लॉक शोधायचा. शोध सुरू असताना परराज्यातल्या एका विक्रेत्याशी संपर्क झाला. त्याने व्हिडिओवर सीलबंद खोके दाखवले, डीलर १९९५ साली बंद झाला आणि माल तेव्हापासून तसाच पडून होता असे सांगितले, आणि ब्लॉक-पिस्टनचे साडेनऊ हजार रुपये आगाऊ मागितले. बोलणे अत्यंत नम्र होते. “सर, तुमचा जुना ब्लॉक पाठवलात तर हजार रुपये कमी करतो,” असेही तो म्हणाला. मिस्त्रींनी जुना ब्लॉक द्यायला साफ नकार दिला. त्या नकाराचे मोल पुढे कळले.

माल आला, इंजिन बांधले गेले. सुरुवातीला गाडी हळू चालवून रन-इन करायची असते, तशी ती चालवली. ओढ थोडी कमी वाटत होती, पण नवे काम आहे, पिस्टनच्या रिंगा बसल्या की सुधारेल, असे मिस्त्रींचेही मत पडले. नंतर एका सकाळी कागलकडे जाताना महामार्गावर इंजिनातून टिकटिक असा आवाज सुरू झाला आणि काही क्षणांतच मागचे चाक जाम झाले. क्लच दाबला म्हणून गाडी घसरत का होईना, कडेला आली. मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवत शेजारून निघून गेला. टू-स्ट्रोक गाडीत इंजिन जाम होणे म्हणजे केवळ खर्च वाढणे नव्हे, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

ब्लॉक उघडला तेव्हा वरची रिंग तुटलेली होती आणि तिच्या तुकड्याने बोअरवर उभे चरे पाडले होते. आम्ही तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंगच्या दुकानात नेला. तिथल्या काकांनी ब्लॉक रॉकेलने धुतला, उजेडाकडे धरला, एक्झॉस्टच्या खिडकीत (धूर बाहेर जाण्याच्या वाटेत) बोट घालून फिरवले आणि म्हणाले, “साहेब, हा नवा ब्लॉक न्हवं. वापरलेल्याला स्लीव्ह मारलीया.” मग त्यांनी मलाही तसेच बोट फिरवायला लावले. स्लीव्हमध्ये कापलेली खिडकी आणि तिच्या मागची ॲल्युमिनियमची वाट एकमेकींशी जुळत नव्हती. मध्ये नख अडकेल एवढी पायरी होती. खिडकीची कड पात्यासारखी धारदार होती. आणि जिथे सँडब्लास्टिंगची (धातू साफ करण्यासाठी दाबाने मारलेली) वाळू पोहोचू शकत नाही, त्या आतल्या वळणावर जुना काजळीचा थर तसाच होता. कधीच न चाललेल्या ब्लॉकमध्ये काजळी येणार कुठून?

टू-स्ट्रोक इंजिनात हा दोष इतका घातक का ठरतो, तेही समजून घेतले पाहिजे. यात फोर-स्ट्रोकसारखे उघड-मीट करणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसतात. गॅस आत येण्याच्या आणि धूर बाहेर जाण्याच्या खिडक्या ब्लॉकच्या भिंतीतच असतात आणि पिस्टन वर-खाली होताना त्या उघडतो-मिटतो. खिडकी थोडी जरी वर-खाली कापली गेली, तरी उघडण्या-मिटण्याची वेळ बदलते आणि गाडीची ओढ जाते. शिवाय रिंग खिडकीसमोरून जाताना बाहेरच्या बाजूला किंचित फुगते. म्हणून कडा घासून गोल कराव्या लागतात. तसे केले नाही तर रिंग कधीतरी कडेला अडकून तुटते. आमच्याकडे नेमके हेच घडले होते. लोखंडी स्लीव्ह मूळ ब्लॉकलाही असते, त्यामुळे चुंबक लावून खरे-खोटे ठरवता येत नाही. खिडक्या आतून पाहणे हाच उपाय.

घरी येऊन खोके नीट पाहिले तेव्हा लबाडी उघडी पडली. लेबलावर किमतीपुढे ₹ हे चिन्ह छापलेले होते. हे चिन्ह सरकारने २०१० साली स्वीकारले. १९९५ साली बंद झालेल्या डीलरच्या खोक्यावर ते असूच शकत नाही. कंपनीचे नावही ‘इंडिया यामाहा मोटर’ असे होते. ही कंपनी २००८ सालची. आरएक्स बनत होती तेव्हा भारतात काम एस्कॉर्ट्सच्या सहयोगाने चाले. तिसरी खूण पार्ट नंबरची. यामाहाच्या नंबरात पहिला गट मॉडेलचा आणि मधले पाच आकडे भागाचे असतात. सिलिंडर ब्लॉकसाठी मधला गट ११३११ हवा. या खोक्यावर ११६३१, म्हणजे पिस्टनचा नंबर होता. पिस्टनचेच लेबल ब्लॉकच्या खोक्यावर चिकटवले होते. या तीन गोष्टी फोटोतही दिसू शकतात, म्हणून पैसे देण्याआधी लेबलाचा स्वच्छ, जवळून काढलेला फोटो मागावा.

जुन्या ब्लॉकच्या बदल्यात सवलत का दिली जाते, याचा उलगडाही तेव्हाच झाला. आपल्याकडचे झिजलेले ब्लॉक हाच या धंद्याचा कच्चा माल आहे. ते गोळा करायचे, घाईने स्लीव्ह मारायची, वाळू मारून चकचकीत करायचे आणि कोणा दुसऱ्याला ‘कंपनी माल’ म्हणून विकायचे. माझा राग स्लीव्ह मारण्याच्या कामावर मुळीच नाही. ते कसबाचे आणि प्रामाणिक काम आहे. आमचा मूळ ब्लॉक नंतर त्याच काकांनी स्लीव्ह मारून, खिडक्या जुळवून, कडा घासून दिला आणि गाडी आज त्यावरच चालते आहे. राग आहे तो वापरलेली वस्तू नवी म्हणून विकण्याचा आणि वेगात चालणाऱ्या गाडीत अर्धवट काम घालून दुसऱ्याचा जीव पणाला लावण्याचा.

आणखी एका सल्ल्यापासून सावध राहावे. “आरएक्स १३५चा ब्लॉक घ्या, सगळे एकच आहे,” असे काही जण सांगतात. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) दोन्हींचा ५० मिलिमीटरच असला, तरी १३५चा बोअर ५८ मिलिमीटरचा आहे. इंजिनची क्षमता आरसी बुकातल्या नोंदीपेक्षा वेगळी करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ला धरून नाही, आणि अपघात झाल्यास विम्याच्या वेळी तोच मुद्दा आडवा येऊ शकतो.

विक्रेत्याला फोटो पाठवले तेव्हा त्याने “मिस्त्रीने चुकीचे बसवले” असे उत्तर दिले, बिल मागताच नंबर ब्लॉक केला. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्यासाठी विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची असते आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पैसे घेऊन माल पाठवलाच नाही, अशी ऑनलाइन फसवणूक असेल तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर फोन करावा. माझे प्रकरण अजून चालू आहे. त्यात सर्वांत उपयोगी पडले ते खोके उघडतानाचे चित्रीकरण, पैसे पाठवल्याची नोंद आणि उद्यमनगरातल्या दुकानाने लेटरहेडवर लिहून दिलेले मत. तो चरे पडलेला ब्लॉक दुरुस्त करण्याचा मोह आम्ही टाळला, कारण त्याला पुन्हा बोअर मारला असता तर पुरावाच राहिला नसता.