व्हेनिसची फुकट बोट आम्हाला ८३ हजाराला पडली

लिहू की नको करत वर्ष घालवलं. आमचे हे म्हणतात कशाला स्वतःची शोभा करून घेतेस, पण गेल्या महिन्यात ओळखीतल्या एकांचा फोन आला, आम्ही व्हेनिसला चाललोय, हॉटेलवाला काचकामासाठी प्रसिद्ध असलेल्या मुरानो बेटावर फ्री बोटीने नेतो म्हणतोय, जाऊ का? तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

आधी एक सांगते म्हणजे पुढची गंमत कळेल. आमचं येवल्याला पैठणीचं दुकान आहे, सासऱ्यांपासूनचं. दिवसाला दहा गिऱ्हाइकांना मी स्वतः सांगते की ताई पदर उलटा करून बघा, हातमागाची असेल तर मागून पण तशीच दिसेल, मागे धागे लोंबत असतील तर समजून जा. शिर्डीहून गाडीवाले गिऱ्हाईक घेऊन येतात, त्यांना कमिशन द्यावं लागतं, आम्ही पण देतो, खोटं कशाला बोलू. म्हणजे हा सगळा खेळ आम्हाला आतून माहीत आहे. तरी फसलो.

सप्टेंबर २०२४, लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून गेलो होतो. भाचा म्युनिकला असतो, त्याच्याकडे चार दिवस राहून ट्रेनने व्हेनिसला. तिथे स्टेशनच्या बाहेर आलात की समोरच कालवा, रस्ता गाडी काहीच नाही, आणि तिकडेच एका माणसाने आमची बॅग उचलून पुलाच्या पायऱ्या चढायला सुरुवात केली. मला वाटलं किती चांगली माणसं. पुलापलीकडे बॅग ठेवली आणि १० युरो मागितले. ह्यांनी ५ देऊन मिटवलं. हा पहिला इशारा होता पण आम्ही हसण्यावारी नेला.

हॉटेल सान मार्को चौकाजवळ. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला रिसेप्शनवरचा माणूस टेबलापाशी आला, एकदम अदबीने, म्हणाला तुम्ही आमचे गेस्ट आहात म्हणून मुरानोला काच बनवताना बघायला प्रायव्हेट वॉटर टॅक्सी आहे, कॉम्प्लिमेंटरी, दहा वाजता खाली जेटीवर या. मी विचारलं पैसे? नो नो मॅडम, गिफ्ट. आता तिथे वॉटर टॅक्सी म्हणजे शहरातल्या शहरात सुद्धा ६०-७० युरोच्या घरात जात होती, हे आम्ही आदल्या दिवशीच विचारून गप्प बसलो होतो. त्यामुळे आम्हाला लॉटरी लागल्यासारखं झालं. फोटो काढले, स्टेटस टाकलं, लाकडी पॉलिशची चकचकीत बोट, वाऱ्यावर ओढणी. वाटेत सान मिकेले बेट लागतं, तिथे त्यांची दफनभूमी आहे, विटांची भिंत आणि आत उंच सुरूसारखी झाडं. बोटीत अजून एक म्हातारं स्पॅनिश जोडपं होतं.

बोट थेट त्यांच्या स्वतःच्या जेटीला लागते. हे लक्षात ठेवा. सार्वजनिक स्टॉपला नाही, त्यांच्या दारात. म्हणजे उतरलात की तुम्ही गावात नाही, दुकानात असता.

आधी भट्टी दाखवली. ते मात्र बघण्यासारखंच आहे, त्यात खोट नाही. लांब नळीच्या टोकाला लालबुंद काचेचा गोळा, कारागीर चिमट्याने चार ठिकाणी ओढतो आणि दोन मिनिटाच्या आत मागच्या पायावर उभा घोडा तयार. मग आमच्याबरोबरच्या सेल्समनने इतिहास सांगितला, की १२९१ साली व्हेनिसच्या राज्याने सगळ्या भट्ट्या शहरातून हलवून मुरानोला पाठवल्या कारण घरं लाकडाची आणि आगीची भीती, आणि कारागिरांना राज्य सोडून जायला बंदी होती, कला बाहेर जाऊ नये म्हणून. हे नंतर मी वाचलं, सगळं खरं आहे. फसवणारा माणूस नव्वद टक्के खरंच बोलतो, म्हणून तर उरलेलं दहा टक्के खपतं.

मग वरच्या मजल्यावर. एसी, मंद लाईट, हातात प्रोसेकोचा, म्हणजे तिकडच्या फेसाळ वाइनचा ग्लास, कुठल्याच वस्तूवर किमतीचं लेबल नाही. प्रत्येक जोडीमागे एक माणूस. आमचा माणूस गोड होता, नमस्ते वगैरे, कुठून आलात, काय करता. ह्यांनी अभिमानाने सांगितलं हातमागाच्या साड्यांचा व्यवसाय आहे. तो थांबला, हात छातीवर ठेवला आणि म्हणाला मग तुम्हाला तर मी फसवूच शकत नाही, तुम्ही हाताच्या कामाची किंमत जाणता. बास. तिथेच आम्ही गेलो. त्यानंतर किंमत करणं म्हणजे स्वतःच्याच धंद्याचा अपमान केल्यासारखं वाटायला लागलं.

आधी दाखवलं १८,००० युरोचं झुंबर. मग ६,००० चा घोडा. मग एका कपाटाचं दार उघडून सोन्याची नक्षी असलेला जग आणि सहा ग्लासांचा सेट, २,४०० युरो. अहो हे तर आम्ही रोज करतो! आधी दीड लाखाची भरजरी अंगावर टाकायची, मग पंचवीस हजाराची काढली की बाई म्हणते अगंबाई ही तर परवडतेय. मला तेव्हा कळत होतं, शपथेवर सांगते, आतून कळत होतं की हा मला झुंबर दाखवून ग्लासवर आणतोय, पण कळून वळलं नाही.

मी म्हटलं नको, फार आहे. तो मॅनेजरला विचारून आला, १,४००. मी म्हटलं विचार करू. पुन्हा गेला, तुम्ही कारागीर लोक म्हणून ९५०. शेवटी ७८०, त्यात घरपोच कुरिअर, इन्शुरन्स, कस्टम सगळं आलं, शिवाय टॅक्स फ्रीचा फॉर्म देतो, एअरपोर्टवर २२ टक्के टॅक्स परत. २,४०० चे ७८० झाल्यावर कुठल्या बाईला राहवेल. आणि खरं सांगू का, त्याहून मोठं कारण म्हणजे आपण त्यांच्या बोटीतून आलो, त्यांचं प्यायलो, आता नुसतं उठून कसं जायचं. आपल्याकडे कोणाच्या घरून आलेला डबा रिकामा परत करत नाहीत ना, तसंच.

कार्ड मशीनवर युरो की रुपये असं आलं होतं. त्याने स्वतःच पटकन रुपये दाबलं, म्हणाला तुम्हाला समजायला सोपं. दर असा लावला की बँकेच्या दरापेक्षा जास्तच गेले. एकूण ७४ हजार कापले गेले. परदेशात कुठेही मशीनने विचारलं तर युरोच दाबा, आणि मशीन स्वतःच्या हातात घेऊन दाबा.

ते स्पॅनिश आजी-आजोबा हुशार निघाले, काहीच घेतलं नाही. मी त्यांना जाताना पाहिलं. त्यांच्यामागचा माणूस एकदम गप्प झाला होता आणि त्याने मागचं एक लहान दार उघडून दिलं, तिकडून गल्लीत. मला तेव्हा त्यांचीच कीव आली. मग आमचं बिल झालं आणि आम्ही विचारलं बोट किती वाजता, तर म्हणे बोट आता दुसरीकडे गेलीय, वापोरेत्तोचा स्टॉप पाच मिनिटांवर आहे. आणि आम्हाला पण तेच मागचं दार!

वापोरेत्तो म्हणजे तिथली पाण्यातली सिटी बस. ७५ मिनिटांचं तिकीट तेव्हा ९.५० युरो होतं, दोघांचे १९. फुकट बोटीचं परतीचं भाडं. खरं तर मुरानोला जायला एवढंच लागतं, ४.१ किंवा ४.२ नंबर पकडायचा, उत्तरेकडच्या फोंदामेंते नोवे स्टॉपहून दहा मिनिटात पोचता, चढण्याआधी मशीनला तिकीट लावायचं विसरू नका. दिवसभर फिरणार असाल तर २४ तासाचा पास परवडतो, तेव्हा २५ युरोचा होता. मग आपल्या मनाने उतरा, काचेचं म्युझियम बघा, वाटलं तर घ्या नाहीतर सुटा.

बोटीची वाट बघताना स्टॉपजवळच्या एका लहान दुकानात शिरलो. तिथे प्रत्येक वस्तूवर किंमत होती आणि एक छोटं स्टिकर, वेत्रो आर्तिस्तिको मुरानो असं, खाली नंबर. दुकानातल्या मुलीने सांगितलं की हे त्या प्रदेशाच्या सरकारने कायदा करून काढलेलं चिन्ह आहे, १९९४ पासून, बेटावर बनलेल्या मालासाठी. म्हणजे आपल्या पैठणीचा जीआय टॅग, त्या त्या भागातल्या मालाचा सरकारी शिक्का असतो ना, तसं समजा. सगळेच कारागीर ते वापरत नाहीत, पण मग ते सहीचं सर्टिफिकेट देतात आणि बिलावर स्पष्ट लिहितात. मी पर्समधून आमचं बिल काढलं. त्यावर फक्त आर्तिकोली इन वेत्रो. मुलीला विचारलं ह्याचा अर्थ काय. म्हणाली, काचेच्या वस्तू. मुरानो हा शब्द बिलावर कुठेच नव्हता. सेल्समन तासभर तोच शब्द जपत होता आणि कागदावर एकदा पण नाही!

हे म्हणाले परत जाऊया. आम्ही गेलो नाही. भांडायचं कसं, इंग्रजी तेवढं येत नाही, आणि मनात अजून आशा होती की माल चांगलाच असेल.

टॅक्सची गंमत वेगळीच. युरोप सोडताना शेवटच्या एअरपोर्टवर कस्टमचा शिक्का घ्यावा लागतो आणि वस्तू मागितली तर दाखवावी लागते. आम्ही परत म्युनिकहून निघालो, काउंटरवरच्या बाईने विचारलं सामान कुठे आहे. कुरिअरने पाठवलंय. तिने फॉर्म परत दिला. वस्तू तुमच्याबरोबर नसेल तर तो फॉर्म रद्दी. आणि वस्तू हातात असती तरी पूर्ण २२ टक्के कोणालाच मिळत नाहीत, रिफंड कंपनी आपला वाटा कापून घेते.

पार्सल सात आठवड्यांनी आलं. त्याआधी कुरिअरवाल्याचा मेसेज, कस्टम ड्युटी आणि त्यांचा चार्ज मिळून ९ हजार भरा. सगळं आलं म्हणाला होता ना? भरले. खोकं उघडलं तर दोन ग्लास फुटलेले, बाकी चार आणि जग ठीक.

सासूबाई पंच्याहत्तरीच्या आहेत, डोळ्याला कमी दिसतं पण हाताला सगळं कळतं, आयुष्य मागावर गेलंय. त्यांनी ग्लास हातात घेतला, अंगठा वरून खाली फिरवला आणि म्हणाल्या, गं, ही रेघ कसली? मी पाहिलं. बारीक उभी रेघ, समोरच्या बाजूला पण तशीच. दुसऱ्या ग्लासाला पण तिथेच. साच्याचा सांधा. फुंकून हाताने केलेल्या ग्लासाला अशी रेघ नसते, आणि दोन ग्लास अगदी सारखे कधीच होत नाहीत, बुडाला बहुतेक वेळा धरायची दांडी तोडल्याची खूण असते. आमच्या चारही ग्लासांचं बूड कारखान्यातल्यासारखं गुळगुळीत. सासूबाई म्हणाल्या, तू उलटा करून पाहिला नाहीस का? मी काय बोलणार.

भाच्याने मग शोधून काढलं की युरोपियन युनियनच्या ग्राहक कायद्यात, विक्रेत्याने स्वतः सहल काढून तिथे माल विकला तर माल हातात आल्यापासून १४ दिवसात कारण न देता करार रद्द करता येतो, नुसतं लेखी कळवायचं. हे फार लोकांना माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहितेय. आम्ही बाराव्या दिवशी ईमेल केला, फोटोसकट. तीन मेलनंतर एक उत्तर आलं, की आमची बोट ही पाहुण्यांसाठी सौजन्य आहे, सहल नव्हे. भाचा म्हणतो लढता येईल. पण येवल्यात बसून इटलीत लढायचं म्हणजे ७८० युरोसाठी अजून ७८० घालायचे. फुटलेल्या ग्लासांसाठी इन्शुरन्सचा कागद मागितला तर त्याला उत्तरच नाही. हॉटेलला लिहिलं तर ते म्हणतात आम्ही फक्त माहिती दिली. माहितीवर कमिशन किती असतं ते मला विचारा.

जाणाऱ्यांनी जरूर जा, व्हेनिससारखं गाव दुसरं नाही, पहाटे सहाला सान मार्को चौकात फक्त कबुतरं आणि आम्ही दोघं होतो ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. गोंडोल्याचा दर पालिकेने ठरवलेला आहे, आम्ही गेलो तेव्हा दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०, माणशी नाही हं, अख्ख्या बोटीला, त्यात पाच जण बसतात, बसायच्या आधी बोलून घ्या. नुसती हौस भागवायची तर त्राघेत्तो म्हणजे कालवा पार करणारी होडी, तेव्हा २ युरोत. आणि काच घ्यायची तर हातात मावेल एवढीच घ्या, पेंडंट, छोटा ग्लास, स्वतः कपड्यात गुंडाळून केबिन बॅगेत आणा. कुरिअर नको.

आमचे उरलेले चार ग्लास दुकानात आहेत, गिऱ्हाइकाला पाणी द्यायला. जग सासूबाईंनी देवघराच्या खाली ठेवलाय, फुलं ठेवायला. परवा छत्रपती संभाजीनगरहून आलेल्या एक बाई पाणी पिऊन झाल्यावर ग्लास फिरवून फिरवून बघत होत्या, म्हणाल्या फार सुंदर आहेत हो, कुठून आणले? मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, नाशिकहून, मेन रोडवरून.