सांताक्रूझ बेटाची बोट ट्रिप: गरुड लांबून, कोल्हा पायाशी

कॅलिफोर्नियात व्हेंचुराहून सांताक्रूझ बेटावर जायला बोटीने साधारण तास लागतो. आम्ही जिच्या बोटीने गेलो त्या कंपनीच्या जाहिरातीत बाल्ड ईगलचा (पांढऱ्या डोक्याचा गरुड) मोठ्ठा फोटो होता म्हणून भुललो. नाव लिहीत नाही कारण तक्रारपण करायचीय. बोट पाऊण तास उशिरा सुटली, कुणी काही सांगेना, आणि स्पीकर एवढा खरखरत होता की मागच्या बाकांवर गाईडचं एक अक्षर कळलं नाही.

गरुड दिसला का? दिसला, एकच, लांब कड्यावर. तो आल्याचं आधी सीगलनीच सांगितलं, अख्खा थवा किंचाळत उडाला. 8x42 दुर्बिणीतून पांढरं डोकं आणि पिवळी चोच, दोन मिनिटं, बास. फोटोवाल्यांनी फार आशा ठेवू नये.

पैसे वसूल झाले ते उतरल्यावर. मांजराएवढा कोल्हा पिकनिक टेबलाखालून आरामात आला आणि माझ्या बुटाचा वास घेऊन गेला, मी श्वास रोखून बसलेलो, तेवढ्यात शेजारच्या टेबलावर डोमकावळ्याने बॅगेची चेन उघडून सँडविच पळवलं.

तर हा कोल्हा आज इथे आहे त्यात गरुडाचा वाटा आहे, आणि हे गाईडने किनाऱ्यावर मस्त समजावलं (स्पीकर नसला की माणूस बरा बोलतो). डीडीटी या कीटकनाशकाने अंड्यांची कवचं पातळ झाली आणि 1950 च्या दशकात बाल्ड ईगल इथून संपले. ते मुख्यतः मासे खाणारे, कोल्ह्याच्या फारसे वाटेला जायचे नाहीत, पण आपल्या हद्दीत दुसऱ्या गरुडाला टिकू द्यायचे नाहीत. मालकच गेल्यावर 1990 च्या दशकात गोल्डन ईगल येऊन बसले, मोकाट डुकरांची पिल्लं खायला होतीच, जोडीला कोल्हे उचलायला लागले. वरून कुणी झडप घालतं हे त्या बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं, हजाराच्या वर होते ते शंभराच्याही खाली आले. मग गोल्डन ईगल जिवंत पकडून दुसरीकडे सोडले, 5000 च्या वर डुकरं संपवली, कोल्हे पिंजऱ्यात वाढवले आणि 2002 ते 2006 मध्ये इथल्या उत्तरेकडच्या बेटांवर 61 लहान बाल्ड ईगल सोडले. 2006 ला याच बेटावर त्यांचं पिल्लू जन्मलं, 2016 ला कोल्हा धोक्याच्या यादीतून बाहेर!

सगळीकडे असं गोड होत नाही हं. ओरेगॉन राज्यात याक्विना हेड या भूशिरावर बाल्ड ईगल आला की कॉमन मर हे समुद्रपक्षी अंडी सोडून पळतात आणि सीगल अंडी मटकावतात. हे मी मुद्दाम काढलं तर गाईडने टाळलं नाही, चांगली दहा मिनिटं बोलला, त्याचा एक स्टार जास्त.

पाचपैकी चार. बेटावर दुकान नाही, जेवण-पाणी घेऊन जा, खाणं तिथल्या लॉकरमध्येच ठेवा. आणि बोटीत मागे बसू नका.