५५ इंची टीव्हीचं डिजिटल किट आणि नऊ हजारांचा जुना कॉम्प्युटर: शाळेत दोन्ही वापरून बघितलं

परवा शेजारच्या केंद्रातल्या शाळेच्या एका मॅडमचा फोन आला, सर तुमच्याकडं ते डिजिटल क्लासरूमचं किट आहे ना, कसं आहे ओ, आमची ग्रामपंचायत वित्त आयोगाच्या निधीतून घेऊन देतो म्हणतीय. पाऊण तास बोललो तरी संपेना, म्हणून म्हणलं एकदा लिहूनच टाकावं. कंपनीचं नाव लिहीत नाही, एक तर ही किटं थोड्याफार फरकाने सगळी सारखीच असतात आणि दुसरं म्हणजे मला भांडण नकोय.

आधी शाळा सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात डोंगरावरची वाडी, जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट २३. वाडीतली निम्मी माणसं मुंबईला, कुणी माथाडीत कुणी रिक्षावर, पण यात्रेला झाडून सगळी येतात. २०२३ च्या यात्रेत मुंबईकर मंडळाने ठरवलं की औंदा पालखीवर खर्च कमी आणि शाळेला डिजिटल करायचं. वर्गणी जमली, ७४ हजारांचं किट आलं. ५५ इंची अँड्रॉइड टीव्ही, भिंतीची फ्रेम, स्टॅबिलायझर आणि एक डोंगल, म्हणजे टीव्हीला जोडायचं छोटं यंत्र, ज्याच्यात चारी वर्गांचा अभ्यासक्रम. बसवायला आलेल्या पोराने भिंतीला चार भोकं पाडली, अर्ध्या तासात सगळं दाखवलं, सही घेतली, फोटो काढला आणि गेला. त्यानंतर तो माणूस आम्ही परत बघितला नाही, हे खरं सांगतो.

टीव्ही म्हणून टीव्ही चांगला आहे, ते मान्य करावं लागेल. आवाज मोठा, चित्र स्वच्छ, मागच्या ओळीतल्या पोराला पण दिसतं. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान ३ उतरणार होतं तेव्हा मी माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावून लाइव्ह लावलं होतं, रेंज फक्त खिडकीत येते म्हणून मोबाईल खिडकीच्या गजाला सुतळीने बांधला होता. पोरं तर होतीच पण जनावरं घरी आणून बांधून बाया माणसं पण आली, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम उतरला तेव्हा वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती आणि एक आजी स्क्रीनला हात लावून पाया पडली. त्या एका संध्याकाळीच पैसे वसूल झाले असं सरपंच अजून म्हणतात. समुद्र, ज्वालामुखी, हृदय कसं धडधडतं, असल्या गोष्टींना टीव्हीला तोड नाही, फळ्यावर मी कितीही काढलं तरी माझं हृदय वांग्यासारखंच दिसतं.

पण हे सगळं यूट्यूबवर फुकट मिळतं. डोंगलमधल्या ज्या मालाचे पैसे घेतले तो कसा आहे ते बघा. प्रत्येक धड्याला एक कार्टून बाई, ती धडा जसाच्या तसा वाचते, मागं एक पेटी वाजत राहते, शेवटी पाच प्रश्न आणि चार पर्याय. पोरं दुसऱ्या आठवड्यात शिकली की जोरात ओरडायचं, अ अ ब ब क क, कुणीतरी बरोबर येतंच, मग मी रिमोटने बटण दाबायचं आणि टाळ्या वाजतात. उत्तर कुणाला आलं आणि कुणाला नाही हे कळायची सोयच नाही. आणि दुसरीच्या गणितात तर गंमतच झाली. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन अशी संख्या वाचायची पद्धत आली, केवढा गदारोळ झाला होता आठवत असेल. आता आमच्या डोंगलमधली बाई फक्त एकवीस बावीस म्हणते, वीस एकचा पत्ताच नाही. दोन्ही पद्धती चालतात ओ, पण कमळाबाईने (पोरांनीच ठेवलेलं नाव) एक म्हणायचं आणि मी दुसरं, मग पोरं म्हणतात गुर्जी तुमचं चुकलं, टीव्हीत बगा की.

खरा दणका बसला २०२५ च्या जूनमध्ये. पहिलीचा अभ्यासक्रम नवीन आला, पुस्तकं बदलली, आणि डोंगलमधली पहिली एका दिवसात जुनी झाली. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात आजीवन अपडेट लिहिलं होतं म्हणून फोन केला, चार दिवस फोन लागेना, मग एका मॅडमनी सांगितलं की सर आजीवन म्हणजे त्याच अभ्यासक्रमाचं आजीवन, नवीन अभ्यासक्रमाचे साडेसहा हजार पडतील प्रति वर्ग. प्रति वर्ग! आता दरवर्षी पुढच्या वर्गांची पुस्तकं बदलत जाणार, म्हणजे मुंबईकरांनी दरवर्षी पालखी रद्द करायची काय? तेव्हापासून डोंगल कपाटात आहे.

तुलना करायची तर दीक्षा ॲप बघा, ते सरकारी, २०१७ पासून आहे, फुकट आहे, पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचा व्हिडिओ उघडतो, घरी वायफायवर डाऊनलोड करून शाळेत विना नेट दाखवता येतो. क्यूआर कोड पुस्तकात घालायची कल्पना तर शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी करून दाखवलेली, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला. म्हणजे आपल्याच झेडपीच्या शाळेतून निघालेली गोष्ट फुकट मिळत असताना आम्ही ७४ हजारांच्या किटातलं डोंगल घेऊन बसलो. असो, वर्गणी देणाऱ्यांच्या मनात चांगलंच होतं, त्यांना काय बोलणार.

आता कॉम्प्युटरकडं येतो, कारण मला खरं ह्याच्याबद्दल लिहायचंय.

गेल्या वर्षी दिवाळीत कराडला एका दुकानात जुना डेस्कटॉप मिळाला, ऑफिसातून निघालेला, ४ जीबी रॅम, मॉनिटर कीबोर्ड माऊस सगळं धरून नऊ हजार. पाच मी घातले, चार शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका बाईंनी. त्याच्यावर लिनक्स (विंडोजसारखीच पण फुकट सिस्टीम) टाकलं आणि जीकॉम्प्री नावाचं सॉफ्टवेअर. हे फुकट आहे, २००० साली एका फ्रेंच माणसाने सुरू केलं, नावाचा अर्थ फ्रेंचमध्ये मला समजलं असा होतो, दोन ते दहा वर्षांच्या पोरांसाठी शंभराच्या वर खेळ आहेत त्याच्यात. एकदा टाकलं की नेट लागत नाही, लॉगिन नाही, मधेच जाहिरात नाही. भाषा मी इंग्रजीच ठेवलीय आणि सूचना मी सांगतो, खेळ चित्रांचे असल्यामुळे फार अडत नाही.

पहिल्या आठवड्यात फक्त माऊस. एक खेळ आहे त्यात स्क्रीनवर चौकोन असतात, त्याच्यावरून बाण फिरवला की पुसले जातात आणि मागचं प्राण्याचं चित्र दिसतं, एवढंच. तुम्ही म्हणाल ह्यात काय, पण ज्या पोराने आयुष्यात फक्त मोबाईलवर बोट फिरवलंय त्याला हे अवघड जातं. एकाने माऊस उचलून स्क्रीनला टेकवला. दुसरीतली एक पोरगी माऊस उजवीकडं सरकवत सरकवत गेली, कडेला पोचली, बाण अजून निम्म्यात, आणि माझ्याकडं बघून रडवेल्या आवाजात म्हणाली, गुर्जी टेबल संपलं! माऊस उचलून परत मधी ठेवायचा असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, मला पण सुचलं नव्हतं की हे सांगावं लागतं. दाखवलं तसं तिने वर्गाला शिकवलं, आता टेबल संपलं ही आमच्या शाळेतली म्हण झालीय, वहीची पानं संपली तरी टेबल संपलं.

पोरांचा सगळ्यात लाडका खेळ पाण्याचा. एक पेंग्विन होडीतून दमून घरी येतो, त्याला अंघोळ करायचीय आणि नळाला पाणी नाही. मग सूर्यावर क्लिक करायचं, वाफ होते, ढगावर क्लिक, पाऊस, मग पंप चालू करायचा, टाकी भरते, सांडपाण्याची पण सोय करायची आणि मगच शॉवरला पाणी येतं. आमच्या वाडीत नळपाणी योजनेची मोटर महिन्यातून दोनदा बंद पडते, त्यामुळे पोरांना हा विषय शिकवावा लागला नाही. चौथीतला एकजण पंपावर क्लिक करणाऱ्याला म्हणतो कसा, आरं आदी लाइटबिल भरलंय का बग, न्हायतर मोटर कशी चालू हुईल! जलचक्राचा धडा मी सात वर्षं शिकवतोय, असा प्रश्न कार्टून बाईच्या व्हिडिओनंतर एकदाही आला नाही. घड्याळाचा खेळ पण भारी आहे, काटे ओढून वेळ लावायची, मी त्यात अट घातलीय की लावलेली वेळ सव्वा, साडे, पावणे मध्ये मोठ्याने सांगायची. पावणेदोन म्हणजे नक्की किती हे निम्म्या पोरांना येत नव्हतं, मोबाईलवर १:४५ दिसतं ना.

मग मराठी टायपिंग. इनस्क्रिप्ट (मराठी अक्षरांची सरकारी मांडणी) कीबोर्ड लावला, त्याच्यात के च्या बटणावर क येतो, बाकी तसं जुळत नाही, त्यामुळे बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले. तिसरीतला किरण (नाव बदललंय) आपलं नाव लिहायला बसला. पहिलीपासून त्याला सांगितलेलं की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, म्हणून त्याने आधी वेलांटीचं बटण दाबलं, एक तुटका गोल आला त्याला वेलांटी चिकटलेली. परत पुसलं, परत तेच. मी गप्प बसलो मुद्दाम. चौथ्या वेळी चुकून आधी क दाबला मग वेलांटी, आणि ती वेलांटी आपोआप क च्या डावीकडं जाऊन बसली. पोरगं हरखलंच. म्हणलं असं का झालं असेल रे, तर थोडा वेळ तोंडातल्या तोंडात पुटपुटला, क्.. इ.. कि, आणि म्हणाला बोलताना आदी क येतोय, वेलांटी मागनं येती. हे मला डीएडला पण कुणी एवढं नीट सांगितलं नव्हतं.

अडचणी आहेतच. कॉम्प्युटर एक आणि पोरं २३, त्यामुळे तिघांचा गट, दहा मिनिटांचा गजर, एकाच्या हातात माऊस, एक सांगणार, एक वहीत लिहिणार, गजर झाला की जागा बदल. तरी भांडणं होतात, मोठी पोरं माऊस सोडत नाहीत आणि पोरींच्या हातातून तर ओढूनच घेतात, ह्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं नाहीतर शेवटी चारच पोरं शिकतात. जून ते सप्टेंबर लाइटचा भरोसा नाही, दुपारी गेली की दुसऱ्या दिवशी येते, यूपीएस घ्यायचाय पण अजून पैसे नाहीत. नेट खरं तर आठवड्यातून एखादा तास लागतं, तेवढं माझ्या मोबाईलवर भागतं, पहिली ते चौथीला ह्याच्यापेक्षा जास्त नेट हवं असं मला तरी वाटत नाही. वाचनासाठी गूगलचं रीड अलाँग ॲप मी बाईंच्या जुन्या फोनवर टाकलंय, पोरगं मोठ्याने वाचतं आणि त्यातली दिया नावाची बोलणारी कार्टून मुलगी अडलेला शब्द सांगते, मराठी गोष्टी आहेत, उतरवून घेतल्या की विना नेट चालतात. लाजाळू पोरं माझ्यासमोर वाचत नाहीत पण दियासमोर वाचतात.

मार्क द्यायचे तर टीव्हीला पाचातले साडेतीन, डोंगलला एक (तो पण पेटी वाजवणाऱ्याला), जुन्या कॉम्प्युटरला साडेचार. मॅडम, ग्रामपंचायत पैसे देतेच म्हणते तर साधा टीव्ही घ्या, डोंगल नको म्हणून सांगा, उरलेल्या पैशात चार जुने डेस्कटॉप येतील. आणि माऊस वायरचाच घ्या, वायरलेस घेऊ नका, आम्ही एक आणला होता तर त्याचे सेल तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी घरच्या घड्याळात गेले. दोन जास्तीचे घेऊन ठेवा, जीकॉम्प्रीतल्या पेनल्टी किकच्या खेळात डबल क्लिक करावं लागतं आणि पोरं ते हातोड्यासारखं करतात, आमच्या पहिल्या माऊसचं डावं बटण सव्वा महिन्यात गेलं.