सीएसआर निधी मिळवून देतो म्हणत गावाची वर्गणी नेली

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. गावाबाहेर एक जुनी झोपडी आहे. बांबूचा कूड, त्यावर शेणामातीचं लिंपण, वर गवताचं छप्पर. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा गावातले स्वयंसेवक इथेच जमून पायी निघाले, असं म्हातारी माणसं सांगायची. छप्पर एका बाजूने बसलं, म्हणून गावाने वर्गणी काढली. कापूस विकून हातात आलेल्या पैशातून लोकांनी दिली, सुरतला कामाला गेलेल्या पोरांनी फोनवरून पाठवली. चोरी झाली ती या पैशाची.

वर्गणीचा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला आणि थोड्याच दिवसांत एक गृहस्थ गाडी घेऊन आला. आधी झोपडीला हात जोडले, मग फाईल उघडली. मुंबईच्या मोठ्या कंपनीकडून 40 लाख मंजूर करून देतो म्हणाला. कायदा त्याला नीट पाठ होता. 2013 चा कंपनी कायदा, कलम 135, ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची, यालाच सीएसआर म्हणतात, त्यात ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्तीही बसते. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच तो माणूस धोकादायक होता. त्याच दमात त्याने सांगितलं की करारनामा आणि ऑडिटसाठी "2 टक्के" आधी भरायचे. कायद्यातले 2 टक्के कंपनीने खर्चायचे असतात, निधी घेणाऱ्याने भरायचे नसतात. पण आकडा तोच असल्यामुळे कुणाला खटकलं नाही.

80 हजार गेले. मग शिक्क्याचं मंजुरीपत्र आलं, त्यापाठोपाठ जीएसटीचे म्हणून 45 हजार. दोन्ही वेळा खातं कंपनीचं नव्हे, एका व्यक्तीचं. तिसऱ्यांदा टीडीएसची, म्हणजे आधीच कापायच्या कराची, मागणी आली, तेव्हा सभेत एक आजी उठल्या: "पैसा येवाना आधी आपुन पैसा काबर देवाना?" पुढचं थांबलं ते त्यांच्यामुळे.

तालुक्याच्या एका सीएनी नंतर समजावलं. कंपनीचा असा निधी घेणाऱ्या संस्थेची रीतसर नोंदणी लागते, आयकराची 12 ए आणि 80 जी मान्यता लागते, आणि सीएसआर-1 फॉर्म भरून मिळालेला नोंदणी क्रमांक लागतो. आमची तर नुसती गावसमिती. म्हणजे तो निधी आम्हाला मिळणं शक्यच नव्हतं, आणि त्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं. त्याने कागद मागितले नाहीत, फक्त पैसे मागितले.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो 40 लाखांच्या आकड्याचा. डोंगरातले पावरा आदिवासी कारागीर झोपडी बघून गेले होते. बांबू, गवत आणि मजुरी धरून जमलेल्या वर्गणीत काम होत होतं.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइन नंबरवर तक्रार केली, पोलिसातही दिली. दुसऱ्या हप्त्यातली थोडी रक्कम बँकेत गोठवली गेली, पहिले पैसे त्याच दिवशी काढून घेतलेले. फसवणूक कळल्याच्या तासाभरात 1930 ला फोन लावा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. आणि देवळासाठी, शाळेसाठी, जुन्या वाड्यासाठी असं मंजुरीपत्र कुणी दाखवलं, तर त्यावरचा फोन नंबर लावू नका. कंपनीचा नोंदणीकृत पत्ता स्वतः शोधून तिथे विचारा. हाच माणूस आता शिरपूरकडच्या गावांत फिरतोय, असं ऐकलंय.