टायफॉइडची लस: जुनी स्वस्त की कॉन्जुगेट?

मुलांना टायफॉइडची लस द्यायचीये आणि समोर दोन पर्याय आहेत, एक जुनी स्वस्तातली आणि एक महाग कॉन्जुगेट, म्हणजे प्रोटीन जोडलेली, तर नुसती किंमत बघून ठरवू नका. मूळ माल दोन्हीत एकच, टायफॉइडच्या जंतूच्या अंगावरचं व्हीआय नावाचं साखरेचं आवरण. हा जंतू भलताच बेरकी, या आवरणाआड इम्युनिटीला चकवतो आणि ज्या मॅक्रोफेज पेशी त्याला गिळून मारायला येतात त्यांच्याच आत मुक्काम ठोकतो, म्हणून आवरण ओळखणाऱ्या अँटीबॉडीज आधीच रक्तात असलेल्या बऱ्या.

जुन्या लशीत ती साखर नुसतीच असते. बी पेशी अँटीबॉडीज बनवतात खऱ्या, पण त्यांना मदत करणाऱ्या टी पेशींना साखर कळतच नाही, त्यांना प्रोटीन लागतं, आणि त्यांची मदत नाही म्हटल्यावर जंतू लक्षात ठेवणाऱ्या मेमरी पेशी धड तयार होत नाहीत, मग दर ३ वर्षांनी परत टोचा. २ वर्षांखालच्या पोरांचं शरीर तर या साखरेला फारशी दादच देत नाही, म्हणून त्यांना ती देतच नाहीत.

कॉन्जुगेटमध्ये तीच साखर एखाद्या प्रोटीनला जोडलेली असते, उदाहरणार्थ धनुर्वाताचं निकामी केलेलं विष. बी पेशी साखर पकडते, तिच्यासोबत प्रोटीनही आत ओढलं जातं, त्याचे तुकडे ती टी पेशीला दाखवते आणि मग टी पेशी तिला जोर देते. अँटीबॉडीज जास्त दमदार, मेमरीही राहते. ६ महिन्यांच्या बाळालाही चालते, डोस एकच. आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या मुलांच्या ट्रायलमध्ये ४ वर्षांहून जास्त काळ बघितलं तरी साधारण ७८ टक्के संरक्षण दिसलं. आपल्याकडे नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये हीच लस लाखाच्या वर मुलांना दिली होती.

माझं मत विचाराल तर २ वर्षांखाली प्रश्नच नाही, आणि मोठ्या मुलांनाही कॉन्जुगेटच द्या, कारण दर ३ वर्षांनी आठवणीने जाणारे आईबाप मी तरी फार बघितले नाहीत. एखाद्या मोठ्या माणसाला एकाच ट्रिपपुरती हवी असेल आणि पैशाची ओढाताण असेल तर जुनी चालून जाईल.

फक्त टायफॉइडसारखाच ताप आणणाऱ्या पॅराटायफॉइड ए च्या जंतूला हे आवरणच नसतं, तिथे दोन्ही लशींचा भरवसा नाही, त्यामुळे ताप उतरत नसेल आणि डॉक्टरांनी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते बघायची टेस्ट, सांगितलं तर लस झालीये म्हणून टाळू नका.