टँक इंजिनांचा ब्रेक: हवेचा की व्हॅक्यूमचा?
टँक इंजिने म्हणजे पाणी-कोळसा स्वतःच्याच अंगावर वाहणारी वाफेची रेल्वे इंजिने. त्यांच्यासाठी व्हॅक्यूम ब्रेकचा साधेपणा मला मान्य आहे. वाफेच्या झोताने नळीतली हवा खेचून व्हॅक्यूम (निर्वात) करणाऱ्या इजेक्टरला हलणारे भागच नाहीत, बिघडणार काय? पण २१ इंच (पाऱ्याच्या मापात) व्हॅक्यूम म्हणजे दर चौरस इंचाला जेमतेम १० पौंड जोर. वेस्टिंगहाउस कंपनीच्या दाबलेल्या हवेच्या ब्रेकमध्ये दाब कितीतरी जास्त, म्हणून ब्रेक ओढणारे सिलिंडर लहान. वाफेचा पंप आणि हवेची टाकी मात्र सांभाळावी लागते. तरी सतत थांबणाऱ्या उपनगरी गाड्यांना हाच ब्रेक हवा! लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून १९२० पासून सुटणाऱ्या दाट लोकल त्याच्याच भरवशावर धावल्या. इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट बेटावर तर मुख्य भूमीवरून आणलेल्या ओ-२ वर्गाच्या टँक इंजिनांना मुद्दाम वेस्टिंगहाउस पंप बसवले. तिथे १९६६ अखेर वाफ थांबेपर्यंत ते धडधडत राहिले.